तीस लिटर पाणी आणि समुद्राचे मीठ

सरळ रेषेने मोजला तरी सुमारे चारशे किलोमीटर, आणि रस्त्याने गेल्यास त्याहून पुष्कळच दूर असलेल्या समुद्राचे मीठ रायपूरच्या तात्यापाऱ्यातील एखाद्या अरुंद गल्लीत, दारापुढे उभ्या केलेल्या मोटारीच्या पोटाला चिकटून येऊन बसावे, ही गोष्ट भोसल्यांच्या अमलापासून या मुलखात नांदत आलेल्या मराठी कुटुंबांतील वडीलधाऱ्यांना दोन पिढ्यांपूर्वी चमत्कारिकच वाटली असती. त्या काळी जगन्नाथपुरीची यात्रा आगगाडीने होत असे आणि समुद्राची आठवण म्हणून फार तर शंखशिंपल्यांची एक पुडी घरी येत असे. पुढे १९८५ साली जिप्सी, २०१० साली थार आणि २०२३ साली जिम्नी अशा चारही चाकांना ओढ देणाऱ्या गाड्या क्रमाक्रमाने मध्यमवर्गाच्या आटोक्यात आल्या, रस्ते सुधारले, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत पुरी, गोपाळपूर, विशाखापट्टणम् किंवा थेट कोकणातले मूळ गाव गाठून वाळूवर चाके उतरविण्याची हौस ज्या घरांना परवडते त्यांना ती सुटेनाशी झाली. हौसेबद्दल तक्रार नाही. पण या हौसेचा जो अवशेष गाडीखाली राहतो त्याची विल्हेवाट लावण्याची वेळ मात्र वर्षातल्या सर्वांत अवघड मुहूर्तावर येते.

गाडी परतते ती बहुधा वैशाख सरता सरता, म्हणजे ज्या दिवसांत नळाची धार करंगळीएवढी होते आणि टँकरची वाट पाहत घागरी रांगेत उभ्या राहतात त्या दिवसांत. अविभक्त मध्य प्रदेशाच्या काळी झालेल्या १९८६ च्या पेयजल परिरक्षण अधिनियमान्वये छत्तीसगढातील जिल्हाधिकारी उन्हाळ्यात आपापला जिल्हा जलाभावग्रस्त म्हणून जाहीर करतात. रायपूरलाही असे हुकूम वारंवार निघाले आहेत. त्यांचा मुख्य रोख परवानगीवाचून नवे नलकूप खोदण्यावर असला, तरी ज्या गल्लीत शेजारच्या घरी पिण्याचे पाणी मोजून भरले जाते तेथे पाइप लावून मोटार न्हाऊ घालणे हे कायद्याच्या कलमात बसो वा न बसो, शेजारधर्मात खचितच बसत नाही. अन्यत्र सरकारने हे काम शेजाऱ्यांच्या भिडेवर सोडलेले नाही. मार्च २०२४ मध्ये बंगळूरच्या पाणीपुरवठा मंडळाने मोटारी धुणे, बागा शिंपणे, कारंजी उडविणे इत्यादींसाठी पिण्याचे पाणी वापरण्यास मनाई केली आणि हुकूम मोडणाऱ्यास ५,००० रुपये व पुन्हा मोडल्यास रोज ५०० रुपये जादा असा दंड ठरविला.

रायपूरच्या पाण्याची कथा या दृष्टीने ध्यानात घेण्यासारखी आहे. बुढा तलाव, कंकाली तलाव, महाराजबंध, तेलीबांधा अशा तळ्यांच्या आधाराने वाढलेल्या या शहरात नांदगाव संस्थानचे राजे बलरामदास यांच्या नावाची नळयोजना १८९२ साली खारून नदीवर उभी राहिली, आणि त्या काळच्या लोकवस्तीस ती पुरेशी होती. आजचे शहर खारूनच्या बळावर जगू शकत नाही. उन्हाळ्यात धमतरीजवळच्या गंगरेल धरणातून महानदीचे पाणी कालव्याने आणून खारूनमध्ये भर घालावी लागते. म्हणजे तात्यापाऱ्यात बादलीभर पाणी गाडीवर ओतले जाते तेव्हा ते दूर कोठेतरी साठविलेल्या गेल्या वर्षीच्या पावसाचे असते. गंमत अशी की, हीच महानदी पुढे ओरिसात समुद्रास मिळते आणि गंगा-ब्रह्मपुत्रादि नद्यांच्या जोडीने बंगालच्या उपसागराचा खारेपणा काहीसा उतरविते. त्यामुळे पुरीचे पाणी कोकणच्या पाण्याहून किंचित कमी खारट असते. लोखंडाला मात्र या सौम्यपणाचा फायदा म्हणण्यासारखा होत नाही.

मुख्य विषयाकडे वळण्यापूर्वी एका गोष्टीची खातरजमा करून घ्यावी, ती ही की वाळूवर गाडी नेण्याची मुभा सर्वत्र नाही आणि असूही नये. गोव्यात किनाऱ्यावर वाहन नेण्यास कायद्याने मनाई आहे. केरळातील कण्णूरजवळचा मुळप्पिलंगाड हा सुमारे चार किलोमीटरांचा, घट्ट वाळूचा किनारा वाहनांसाठी खुला ठेवलेला म्हणून प्रसिद्ध आहे, पण अशी ठिकाणे हिंदुस्थानात अपवादभूत होत. ओरिसातील ऋषिकुल्येच्या मुखाजवळ आणि आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास येथे कासविणी ज्या वाळूत अंडी घालतात ती वाळू चाकांखाली दाबली गेली तर काय होईल, हे सांगावयास शास्त्रज्ञाची गरज नाही. शिवाय समुद्र भरतीची वेळ कोणासाठी तहकूब करीत नाही. जून २०२४ मध्ये कच्छच्या मुंद्रा भागात समुद्रात घातलेल्या दोन थार गाड्या पाण्यात अडकून पडल्या आणि चालकांवर गुन्हा दाखल झाला. चारी चाकांची ओढ ही चिखलातून वर येण्यासाठी असते. ओसरणाऱ्या लाटेने चाकाखालची वाळूच काढून नेली म्हणजे चारी चाके मिळून गाडीला अधिक जलद खाली नेतात.

आता मिठाकडे येऊ. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सरासरी ३५ ग्रॅम क्षार असतात आणि त्यांत सर्वांत मोठा वाटा सोडियम व क्लोराइड यांचा असतो. लोखंड गंजण्यास पाणी व प्राणवायू ही दोनच द्रव्ये खरे म्हणजे पुरेशी आहेत, परंतु शुद्ध पाण्यात ही क्रिया मंदगतीने चालते, कारण गंजताना धातूच्या एका बिंदूपासून दुसऱ्या बिंदूपर्यंत विद्युत्प्रवाह वाहावा लागतो आणि शुद्ध पाणी त्यास फारसे अनुकूल नसते. मीठ विरघळले की पाणी विजेचे उत्तम वाहक बनते. एवढ्यावर भागत नाही. क्लोराइडचे कण धातूवरील संरक्षक पापुद्र्यात शिरून बारीक छिद्रे पाडतात, त्या छिद्रांत लोहाचे क्लोराइड तयार होते, ते पाण्याशी संयोग पावून आम्ल निर्माण करते, आम्लाने छिद्र खोल होते, आणि या साऱ्या उलाढालीत क्लोराइड मोकळेच्या मोकळे राहून पुन्हा पुढच्या लोखंडाकडे वळते. गंजाच्या या कारखान्यात मीठ खर्ची पडत नाही, हे ज्याने समजून घेतले त्यास ‘थोडे मीठ राहिले तर काय बिघडते’ असा प्रश्न पडणार नाही. मुद्दल कायम ठेवून वर्षानुवर्षे व्याज वसूल करणाऱ्या सावकाराप्रमाणे ते चासीच्या कोपऱ्यात बसून असते.

मोटारीचे पत्रे कारखान्यातून निघतात तेव्हा त्यांस फॉस्फेटचा व रंगाचा थर दिलेला असतो, पुष्कळ गाड्यांत जस्ताचाही असतो. म्हणून वरच्या चकचकीत भागाची चिंता करण्याचे कारण नाही. ज्या भागांना खडे लागून रंग उडालेला आहे, जेथे दोन पत्र्यांचा सांधा आहे, जेथे ॲल्युमिनियमच्या सुट्या भागात पोलादी बोल्ट घुसलेला आहे, जेथे कमानीच्या पाट्यांमध्ये वाळू जाऊन बसली आहे, आणि विशेषेकरून चासीच्या पोकळ पेटीत, ब्रेकच्या नळ्यांवर, मडगार्डाच्या आतल्या घडीत, बंपरच्या मागे व दरवाजांच्या तळच्या भोकांत खरे नुकसान होते. ओली वाळू एकदा अशा ठिकाणी दाबून बसली की ती ओल धरून ठेवते, आणि धातू दिवसेंदिवस त्या लेपाखाली भिजत राहतो. आमच्याकडे मोटार धुणे म्हणजे टप, बॉनेट व काचा चमकविणे अशी जी रूढ समजूत आहे ती या प्रसंगी सर्वथा उलटी करावी लागते. समुद्रावरून आलेल्या गाडीचा टप महिनाभर धुळकट राहिला तरी बिघडत नाही. तिच्या पोटाखालचे काम मात्र पुढे ढकलता येत नाही.

किती पुढे ढकलता येते, याचे उत्तर हवेत आहे आणि ते मनोरंजक आहे. साधे मीठ हवेतील बाष्प शोषून पाणी होऊ लागते ते सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांवर गेली म्हणजे. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियमचे क्लोराइडही असते, आणि ते ३३ टक्क्यांच्या आसपासच ओले होऊ लागते. मे महिन्यातील रायपूरची दुपार इतकी कोरडी असते की तेथे हे दोन्ही क्षार पांढऱ्या पुडीप्रमाणे निजून राहतात, म्हणून पुरीहून आलेल्या गाडीचे मालक पंधरा दिवस काहीच न घडल्याचे पाहून निश्चिंत होतात. जूनच्या मध्यास मोसमी पाऊस छत्तीसगढात पोहोचतो. मग हवा रात्रंदिवस दमट राहते, आणि ज्या मिठाकडे पंधरवडाभर कोणी ढुंकून पाहिले नाही ते एकदम जागे होते. पावसाचे पाणी गाडीखालचे मीठ आपोआप धुऊन काढील असे कोणी म्हणेल, पण पाऊस वरून पडतो आणि मीठ खालच्या पोकळीत असते. चाकांनी उडालेल्या चिखलाने ते धुतले जाण्याऐवजी भिजते मात्र. तात्पर्य, पाणीटंचाईचे दिवस आणि गंजाच्या निद्रेचे दिवस एकच आहेत. मृगाचा पाऊस पडण्यापूर्वीची ही मुदत रायपूरकराला निसर्गाने दिलेली आहे. कोकणात राहणाऱ्यास ती मिळत नाही, कारण तेथे हवेतच मीठ व ओल दोन्ही असतात.

या मुदतीत पाणी किती लागेल याचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. बागेचा पाइप मिनिटास सहज १५ लिटर पाणी ओततो. दहा मिनिटांत दीडशे लिटर. सांडपाण्याची व्यवस्था असलेल्या शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणी मिळावे असे आपल्याकडील नियोजनाचे प्रमाण आहे, म्हणजे एका मोटारीच्या स्नानात एका माणसाच्या दिवसाहून अधिक पाणी जाते. (ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंड प्रांतात, जेथे एका बेटावरील लांबलचक किनारा रीतसर रस्ता म्हणून वापरला जातो आणि त्यावर वेगमर्यादाही लागू असते, तेथे दीर्घ अवर्षणात ब्रिस्बेन व आसपासच्या लोकांना मे २००७ पासून माणशी १४० लिटरांत दिवस भागविण्याचे आवाहन करण्यात आले होते आणि पाइपने मोटारी धुणे बंद होते. त्यांचा कडक दुष्काळ आणि आमची आदर्श सुबत्ता यांत पाच लिटरांचे अंतर आहे, ही बाब विचार करण्यासारखी खरी.)

समजा, गाडीच्या खालच्या भागास अर्धा लिटर समुद्राचे पाणी लागून वाळले. म्हणजे तेथे साडेसतरा ग्रॅम मीठ आहे. हेही समजा की कितीही पाणी टाकले तरी शेवटी अर्धा लिटर ओल खाचाखोचांत राहतेच. आता ३० लिटर पाणी एकदम ओतले तर मिठाचा साठावा हिस्सा, म्हणजे सुमारे २९० मिलिग्रॅम, मागे उरेल. तेच ३० लिटर दहा-दहाच्या तीन हप्त्यांत टाकले आणि प्रत्येक वेळी थेंब गळणे थांबेपर्यंत धीर धरला, तर पहिल्या खेपेस विसावा हिस्सा उरेल, दुसऱ्या व तिसऱ्या खेपेस त्या उरलेल्याचा एकविसावा-एकविसावा, आणि अखेरीस मागे राहील अवघे दोन मिलिग्रॅम. पाणी तितकेच, फळ जवळजवळ दीडशेपट. प्रत्यक्षात चासीच्या आतल्या कोपऱ्यांत पाणी एवढ्या एकजिनसीपणे मिसळत नाही, म्हणून हा आकडा शब्दशः घेऊ नये. तथापि विभागून धुण्याचे तत्त्व अबाधित आहे, आणि रसायनशाळेत अवक्षेप धुताना विद्यार्थ्यास तेच शिकविले जाते. गल्लीत समुद्रावरून आलेल्या दोन गाड्या असतील तर आणखी एक काटकसर साधते: पहिल्या गाडीच्या तिसऱ्या हप्त्याचे पाणी खाली परात ठेवून धरावे आणि दुसऱ्या गाडीच्या पहिल्या हप्त्यास वापरावे.

पण पहिला हप्ता पाण्याचा नसावा, हवेचा असावा. पंक्चरवाल्याकडील कॉम्प्रेसरची हवा आणि नारळाच्या काथ्याचा किंवा नायलॉनचा ब्रश यांनी वाळलेली वाळू जितकी झाडून निघेल तितकी काढावी. कारण वाळूचा प्रत्येक कण पाणी पितो आणि त्याबरोबर मीठही धरून ठेवतो. ही झाडपूस चासी, मडगार्ड व पाटे यांपुरतीच करावी. रंगीत पत्र्यावर कोरडे फडके फिरविण्याचा मोह आवरावा, कारण वाळूतील स्फटिकाची कठीणता सातव्या प्रतीची असते आणि मोटारीवरील पारदर्शक लेप तिच्यापुढे अगदीच मवाळ पडतो. पाणी वाचविण्यासाठी टप कोरडा पुसणाऱ्याच्या गाडीवर उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारखे जे ओरखडे दिसतात ते या काटकसरीचे फळ होय. जेथे चिखल कडक झाला असेल तेथे ओले गोणपाट अर्धा तास लावून ठेवावे. तांब्याभर पाण्यात ते काम होते, एरवी तेथे बादली रिकामी करावी लागते.

फवारणीसाठी शेतकरी पाठीवर घेतात तो १६ लिटरांचा पंप या कामास उत्तम आहे, मात्र त्यात पूर्वी तणनाशक भरलेले नसावे. त्याची नळी बारीक, धार मऊ आणि खर्च मोजका. वॉशिंग सेंटरमधील जोराचा फवारा काही ठिकाणी उलट वाळू आत ढकलतो, आणि विजेच्या जोडांवर, अल्टरनेटरवर किंवा बेअरिंगच्या सीलवर जवळून मारला तर नुकसानही करतो. रेडिएटरच्या पातळ पाकळ्या इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेला, हळुवार धुवाव्यात. ब्रेकच्या चकत्या गरम असताना त्यांवर गार पाणी पडू देऊ नये. चासीच्या पेटीस जी भोके असतात त्यांतून नळी आत घालून, खालच्या भोकातून पाणी स्वच्छ बाहेर येईपर्यंत थांबावे. भोके वाळूने बुजली असतील तर तारेने मोकळी करावी, नाहीतर आत टाकलेले पाणी तेथेच साठून मूळच्या मिठापेक्षा मोठे संकट उभे राहील. खेपा आटोपल्यावर गाडी सावकाश फर्लांगभर चालवून चार-सहा वेळा ब्रेक दाबावेत, म्हणजे ड्रम व लायनर वाळतील. आणि गाडी उन्हात उभी करावी. रायपूरचे ऊन एवढ्या एका बाबतीत तरी उपकारक आहे.

पाणी कोणते वापरावे, याविषयी लोक नको तितके सोवळे पाळतात. स्वयंपाकघरातील आरओ यंत्र जे पाणी मोरीत सोडते त्यात क्षार जास्त म्हणून ते गाडीस वर्ज्य, असा एक समज आहे. त्यात लिटरमागे हजार मिलिग्रॅम क्षार धरले तरी ते समुद्राच्या पाण्याच्या पस्तिसाव्या हिश्शाइतके होतात. पहिल्या दोन हप्त्यांस ते खुशाल वापरावे आणि शेवटचा हप्ता तेवढा नळाच्या पाण्याचा ठेवावा. रायपूर चुनखडीच्या खडकावर वसलेले असल्यामुळे येथील नलकूपाचे पाणी जड असते व काचेवर पांढरे डाग ठेवते, पण हे डाग डोळ्यांना खुपतात, लोखंडाला नव्हे. वातानुकूलन यंत्रातून गळणारे पाणी तर जवळजवळ ऊर्ध्वपातित असते. उन्हाळ्यातल्या कोरड्या रायपुरात ते थोडेच मिळते, मात्र समुद्रकाठच्या दमट हवेत हॉटेलातील यंत्राखाली ठेवलेली बादली लवकर भरते. म्हणून शहाण्या प्रवाशाने मीठ ओले असतानाच, निघण्याच्या आदल्या संध्याकाळी, तेथेच पहिली खेप उरकावी. किनाऱ्याजवळच्या विहिरीचे पाणी घेताना मात्र ते आधी जिभेवर ठेवून पाहावे. पुष्कळदा ते स्वतःच मचूळ असते.

काम पुरे झाले की नाही, हे ठरविण्यास डोळा अपुरा पडतो, कारण विरघळलेले मीठ दिसत नाही. आरओ दुरुस्त करणाऱ्याच्या खिशात असते ते क्षारमापक, ज्यास सर्वजण टीडीएस मीटर म्हणतात, ते या कामी पंचाप्रमाणे उपयोगी पडते. पंपात भरलेल्या पाण्याचा आकडा आधी टिपून ठेवावा, चासीच्या भोकातून गळणारे पाणी वाटीत धरून त्याचा आकडा घ्यावा, आणि दोहोंत फरक उरेनासा झाला की थांबावे. त्यापुढे ओतलेले पाणी निव्वळ मनाच्या समाधानासाठी असते. फरक राहिलाच तर आणखी एक छोटा हप्ता द्यावा, आणि तोही संपूर्ण गाडीस न देता ज्या भोकातून खारे पाणी आले त्याच भोकात द्यावा.

यानंतर पुष्कळ मिस्त्री गाडीखाली जुने इंजिन ऑइल व डिझेल फवारण्याचा सल्ला देतात. हा शिरस्ता जुना आहे, पण त्याने रबरी बुश फुगून लवकर निकामी होतात, आणि गळणारे तेल गल्लीच्या नालीतून तळ्याच्या वाटेस लागते. मेंढीच्या लोकरीतील मेणचट द्रव्य किंवा पोकळ्यांसाठी मिळणारे मेण फवारावे. मात्र मीठ निघाल्याची खात्री झाल्यावर व दोन-तीन दिवस कडक उन्हात गाडी वाळल्यावरच, कारण अर्धवट ओल्या व खारट पत्र्यावर कसलाही लेप दिला तर तो मीठ आत कोंडून ठेवतो आणि वरून सारे ठाकठीक दिसत असताना आतला पत्रा चाळणी होत राहतो. ब्रेकच्या चकत्या व सायलेन्सर यांवर लेपाचा थेंबही पडू देऊ नये. मडगार्डाच्या कडेला जेथे रंग उडालेला दिसेल तेथे गंज घासून प्राइमरचा हात द्यावा, आणि पहिला जोराचा पाऊस होऊन गेल्यावर एकदा गाडी रॅम्पवर चढवून चासीचे बोल्ट, ब्रेकच्या नळ्या व पाट्यांच्या फटी विजेरीने तपासून घ्याव्यात. जेथे तांबूस ओघळ दिसेल तेथे मीठ शिल्लक आहे असे समजून त्या जागेपुरता पंप पुन्हा भरावा, आणि तोवर पन्हाळीखाली ठेवलेले पिंप पावसाच्या पाण्याने भरलेले असतेच.